अंगठ्याचा खड्डा

माझ्या धाकट्या भावाची बेस गिटार दुरुस्तीला टाकली, तेव्हाची गोष्ट सांगतो. प्रकाश अमरावतीत लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गिटार स्वस्तातली, जुनी घेतलेली. वर्षानुवर्षे एकाच जागी अंगठा टेकवून तिथल्या लाकडाला खड्डा पडला होता. प्रकाश गेल्यावर मी कधीमधी त्या खड्ड्यात माझा अंगठा ठेवून बसायचो.

आता पुतणीला शिकायचं होतं, म्हणून तारा बदलायला अकोल्याच्या एका कारागिराकडे गेलो. त्यानं एक डोळा मिटून गिटार न्याहाळली. "सस्ती हाय, पण मान सरळ हाय. ठेवून जा."

आठवड्यानं गेलो, तर गिटार आरशासारखी चमकत होती. मी अंगठा फिरवून पाहिला. सगळं गुळगुळीत.

"इथं खड्डा होता."

"बुजवला न, भाऊ. भुसा-सरस भरला, वरून पालिश मारलं. फुकटात केलं."

"माझ्या भावाच्या अंगठ्याचा होता तो. भाऊ आता नाही."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"मंग पयलेच सांगाचं होतं न," तो हळूच म्हणाला. "तेवढा तुकडा कापून तुमाले देला असता."