लेकीच्या मेडिकल कॉलेजचं ऑडिट

...आणि वर कॉलेजच्या ऑफिसातली ती बाई मला फोनवर सांगते, "तुमची मुलगी अठरा वर्षांची आहे, तिच्या अर्जाबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही!" अहो, मी बाप आहे तिचा! बाप! तर म्हणते, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर, म्हणूनच नाही! आता तुम्हाला सांगतो, मी असं काय वेडंवाकडं विचारत होतो? ॲनाटॉमीच्या एका टेबलाभोवती किती पोरं उभी करता, आणि मागच्याला दिसतं का, एवढंच! कारण निर्णय ईप्सिताचाच, हे आमच्या घरी पहिल्या दिवसापासून ठरलंय. आम्ही फक्त मदत करतोय!

झालं काय, आमच्या लेकीला मेडिकलच्या दोन जागा आल्या. दोन! लोकांना एक मिळत नाही, पाच-पाच वर्षं वाट बघतात, आणि आमच्याकडे दोन, म्हणजे आनंदाने नाचायचं, तर आमच्या घरातली झोप उडाली. एक कॉलेज जवळचं, आम्ही जर्मनीत राहतो त्या झिंडेलफिंगेनहून गाडीने पाऊण तास. दुसरं पार वर, समुद्राजवळ, तीन गाड्या बदलून नऊ तास. आणि रविवारी दुपारी बाराच्या आत पोर्टलवर एकाला हो म्हणायचं, की दुसरं गेलंच!

मग काय, मदत सुरू! पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर, "जावईबापू, त्या लांबच्या गावात पोहे मिळतात का हो?" फ्रँकफर्टचा रुपेश, माझा मित्र, बँकेचं सॉफ्टवेअर बघतो, तो म्हणतो, "नागेश, ब्रँड बघ रे, ब्रँड!" अरे, पोटात कळ आल्यावर डॉक्टरचा ब्रँड विचारतं का कुणी? आणि आमची शोभना, "अहो, मला काहीच म्हणायचं नाहीये. लांब जाऊ नये, एवढंच." झालं! काही न म्हणता सगळं म्हणून मोकळी!

ईप्सिता पहिल्याच दिवशी म्हणाली होती, मला लांबचं आवडलंय, तिथे पहिल्या वर्षापासून पेशंटजवळ नेतात. ते आम्ही व्यवस्थित नोंदवून घेतलं. मुद्दा क्रमांक अठ्ठ्याहत्तर, उमेदवाराची आवड, वजन अर्धा टक्का. आम्ही फक्त मदत करतोय ना!

कुठले मुद्दे म्हणता? अहो, मी वीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात आहे. आमचं काम काय, तर माल घ्यायच्या आधी सप्लायरकडे जायचं आणि ऑडिट करायचं. दाराचं साधं रबर घ्यायचं तरी आम्ही त्याच्या शेडमध्ये फिरून, यादी घेऊन, मार्क देऊन येतो. इथे तर पोटची पोर द्यायची! मग बघून नको द्यायला? एकोणऐंशी मुद्दे काढले. ईप्सिताला म्हटलं, चल बरोबर. तर म्हणते, "पापा, पाइनलिश!" म्हणजे बाबा, लाज आणतोस. बरं, नको येऊस.

जवळच्या कॉलेजात गेलो. एकाहत्तर मार्क. ठीक आहे, बरं आहे, कँटीनमध्ये बटाट्याबरोबर तोंडी लावायला बटाटा, पण चालतं. मग लांबच्या. आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं... मी त्याला नापास करायलाच गेलो होतो!

अंगात पिवळं जाकीट, पायात कारखान्याचे जाड बूट, हातात क्लिपबोर्ड. दारातच तिथला हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघतो तो, धावत आला, "आलात? आम्ही तुम्हाला पुढच्या आठवड्यात येणार असं धरून चाललो होतो!" त्याला वाटलं, मी आगीच्या तपासणीचा साहेब! आणि या देशात क्लिपबोर्डवाल्याला तू कोण असं कुणी विचारत नाही हो! मीही खोटं नाही बोललो. म्हटलं, "ऑडिट." मग काय, त्याने मला कुलपं काढून काढून दाखवलं. आग विझवायची नळकांडी, तळघर, लॅब, सगळं! मी खोट शोधतोय, आणि खोट सापडेना! एका जिन्यात एक मुलगी रडवेली बसलेली, शेजारी पायरीवर पांढऱ्या केसांच्या प्रोफेसरबाई, स्वतःचा पंजा पुढे धरून एकेक हाड मोजून दाखवतायत. न चिडता! तिसऱ्यांदा! मुद्दा क्रमांक बावन्न, शंका विचारली तर काय होतं? दहापैकी दहा. मनात नव्हतं, पण लिहिले. एकूण चौऱ्याण्णव. वर हाउसमाइस्टरने माझी सही घेतली! आता आगीचा खरा साहेब तिथे पोचल्यावर काय झालं असेल... तो विषय नको.

घरी आलो. चौऱ्याण्णव विरुद्ध एकाहत्तर. रविवार उजाडला. मी गुपचूप यादीत ऐंशीवा मुद्दा टाकला, घरापासूनचं अंतर, वजन साठ टक्के. जवळचं धाडकन वर! आम्ही फक्त मदत करतोय!

ईप्सिताने कागद बघितला. "पापा, वारूम झेख्त्सिश?" साठ का? म्हटलं, "टेक्निकल कारणं आहेत." तर ही पोर, जी घरात दहा वाक्यं मराठीत बोलली तर आम्ही पेढे वाटू, ती म्हणाली, "तू पुणेहून इकडे आला, तेव्हा आजोबाने किती टक्के दिला होता?"

आमचे बाबा विमानतळावर आले, "पोचल्यावर फोन कर" म्हणाले, आणि मागे वळून न बघता चालायला लागले. आईने नंतर सांगितलं, रिक्षात रडले म्हणून. पण टक्के? शून्य हो, शून्य! मी साठ खोडले. म्हटलं, "मला भीती वाटते गं. तू गेलीस की हे घर खायला उठेल." ती म्हणाली, "इश वाइस, पापा." माहितेय मला. गळ्यात पडली, मग बाराला वीस कमी असताना लांबच्या कॉलेजला हो म्हणून टाकलं. शोभना डोळे पुसत म्हणते, "मला काहीच म्हणायचं नव्हतं."

गेली ऑक्टोबरात. मी फोन केला, म्हटलं, बाळा, सप्लायरचं ऑडिट दरवर्षी करावंच लागतं, नियमच आहे तो, तर मी शनिवारी येऊन जातो. तर म्हणते, "पापा, असं नाही, आधी टेर्मिन घे." टेर्मिन! अपॉइंटमेंट! बापाला! आणि पाठवली की लिंक! पहिली मोकळी वेळ, चौदा नोव्हेंबर, साडेअकरा ते बारा, एका वेळी एकच पालक, पिवळं जाकीट चालणार नाही.

घेतली हो, काय करता! शोभनाला न सांगता घेतली, म्हणून तरी मिळाली... ती वेटिंग लिस्टवर आहे.