बावीस नावं आणि मधली जागा

(धरमपेठेतला एक लहानसा छापखाना, १९७३. शोभाताई छपाईचे खिळे जुळवते आणि मशीनही तीच चालवते. समोर खापरखेड्याच्या कॉलनीतून आलेलं जोडपं, आनंदराव आणि भागीरथा.)

आनंदराव: ताई, यात तर मी मेलो आहो.

शोभाताई: अहो, काहीतरीच काय बोलता! आभाराचं पत्रक आहे ते. मजकूर तुम्हीच लिहून दिला होता.

आनंदराव: मजकूर माहाच हाय. पन भवताल हे जाड काळी चौकट? वर माहं नाव, खाली बावीस लोकायचे नावं. प्रूफ घरी नेलं, अन् हिनं पाह्यलं.

भागीरथा: मले वाचता येत नाही, ताई. काळी चौकट तेवढी वळखू येते. हंबरडाच फोडला मी.

आनंदराव: शेजारपाजार धावत आला. मी तिथीच, ओट्यावर चहा पिऊन राहिलो होतो.

शोभाताई: अगं बाई! माझीच चूक. रोज दोन-चार तेरवीची पत्रकं जुळवते, हात आपसूक तिकडेच गेला. काढते चौकट. नावं एकाखाली एक लावू?

आनंदराव: तेच तर जमून नाही राहिलं. वर कोनाचं लावता?

शोभाताई: रीत म्हणाल तर तुमच्या कॉलनीच्या साहेबांचं.

आनंदराव: साहेबानं जीप देल्ली, खोटं काहून बोलू? पन नाल्याले पूर होता, जीप अल्लीकडंच अडकली. मंग मले खाटेवर टाकून पान्यातून नेलं. नत्थू खाटेच्या पुढच्या पायाले होता. नाकातोंडात पानी गेलं त्याच्या, पन खाट वल्ली होऊ देल्ली नाही. त्याचं नाव खाली ठेवू?

शोभाताई: मग नत्थूचं वर घेऊ.

आनंदराव: मांगच्या पायाले गिरिधर होता. त्याले काय कमी पानी होतं?

शोभाताई: मागच्या भादव्यात साप चावला तुम्हाला, आणि घाम फुटतोय मला! बरं, दोन रकाने करते.

आनंदराव: कबड्डीचे संघ वाटतीन, ताई. हे इकडचे, थे तिकडचे. कॉलनीत तसेच दोन गट हायेत.

शोभाताई: मग अक्षरांच्या क्रमानं लावू. रुसव्याफुगव्याचं कामच नाही.

आनंदराव: पाह्यलं तसंही करून. पह्यला येते अजाबराव.

शोभाताई: येऊ द्या की.

भागीरथा: त्यानं छत्री धरली होती, ताई. थेही सोतावर.

शोभाताई: मग त्याचं नाव यादीत कशाला घेतलं?

आनंदराव: आला तर होता ना? येवढ्या पान्यात घराभाईर निंघाला, माह्यासाठीच निंघाला. आभार साऱ्यायचे सारखे हायेत, ताई. रविवारी सारी कॉलनी जेवाले बलावली. हातात कागद घेऊन एकाचंही तोंड उतरलं, तर कायचे आभार? त्यापेक्षा न छापलेलं बरं.

भागीरथा: मी एक सांगू?

शोभाताई: सांगा ना, भागीरथाबाई.

भागीरथा: मी त्या रोजी पाह्यलं, तसं लावा. मधात खाट, अन् चारही आंगानं मानसं. तवा कोनी वर नोतं, कोनी खाली नोतं.

शोभाताई: चारी बाजूंनी नावं... जमेल तसं. काही नावं आडवी पडतील, काही उलटी. वाचायला कागद फिरवावा लागेल.

आनंदराव: फिरवतीन. ज्याच्या हातात कागद, त्याचं नाव त्याच्याकडं सरळ. पन भागीरथे, चार आंगानं मानसं अन् मधात मी, हे तर पुन्हा तिरडीच झाली वं!

भागीरथा: मधात तुमी नका राहू. तुमी बरे झाले.

शोभाताई: मग मध्ये काय टाकू? कमळ आहे, मोर आहे, वेलबुट्टी आहे. एवढी जागा रिकामी बरी दिसणार नाही.

भागीरथा: काहीच नका टाकू. थे जागा ट्रकवाल्याची हाय.

शोभाताई: कोण ट्रकवाला? यादीत तर नाही.

आनंदराव: नावच माहीत नाही, तर लिवू काय? नाल्याच्या पल्याड उभा होता, पूर उतराची वाट पाहत. आमाले पाह्यलं अन् आपले कांद्याचे पोते सडकेवर उतरवले. खाटेले जागा केली. थेट नागपूरच्या दवाखान्यात आनलं.

भागीरथा: मी मांगं बसली, याइचं डोकं मांडीवर घेऊन. पुढच्या खिडकीतून तो वरडे, "भाभी, भैया को सोने मत देना. बात करते रहो." मले तर बोलाले काही सुचेच ना. मंग तोच इचारे. पोट्टे किती? नावं काय? मोठा कोन्त्या वर्गात हाय? पोरगी कोनावर गेली? मी सांगो, अन् हे आयकून हूं हूं करत. नागपूरपोतर.

आनंदराव: मले तेवढंच आठवते. पोरायचे नावं.

भागीरथा: त्यानं माह्या साऱ्या लेकरायचे नावं इचारले, ताई. मी त्याचं एक नाव नाही इचारलं.

शोभाताई: अशा वेळी कोणाला सुचतं?

भागीरथा: दवाखान्याच्या दारातून वापस पाह्यलं, तर गेला होता. कांदे सडकेवर होते ना त्याचे.

आनंदराव: वर्ष होऊन राहिलं. सडकेवर ट्रक वाजला का ही तव्यावरची भाकर टाकून भाईर पयते. म्हून थे जागा कोरी ठेवा. त्यात काही अवघड नाही ना?

शोभाताई: हातानं लिहिताना कोरी जागा आपोआप राहते, आनंदराव. छपाईत राहत नाही. तिथे शिशाचे कोरे ठोकळे भरावे लागतात, घट्ट. नाही भरले, तर जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा उचलल्याबरोबर तुमची बावीसही नावं खाली सांडतील.

भागीरथा: मंग थे ठोकळे छापल्या जाते का?

शोभाताई: नाही. अक्षरांपेक्षा बुटके असतात, शाई लागत नाही त्यांना. हा बघा.

भागीरथा: जड हाय.

शोभाताई: पान धरून ठेवायचं असतं ना त्याला.

भागीरथा: बसवा मंग. घट्ट बसवा, ताई.

शोभाताई: आत्ता तुमच्यासमोरच बसवते. प्रती पन्नासच ना?

आनंदराव: पन्नास. पुरतीन तेवढ्या.

भागीरथा: एक्कावन करा. सडक आमच्या दारासमोरूनच जाते.