नववा रकाना

...नाही, खुर्ची ओढू नका, उचलून ठेवा. हं. तर गटविकास कचेरीने तुम्हाला यंदाच्या अर्जासाठी धाडले आहे. मागील वर्षीचा अर्ज मीच लिहिला, हे खरे — शहाद्याच्या या खालच्या गल्लीत दुसरे कोण लिहिणार? सत्तावीस वर्षे मुलींना मराठी शिकवले आहे मी. गल्लीत चोऱ्या फार — हंडे, घागरी, सरकीची पोती — आणि सरकारची वस्तीसुधार योजना आली: दिव्यांचे खांब, वाचनालय, बायकांसाठी शिवणवर्ग. पहिला अर्ज परत आला. का? नववा रकाना कोरा होता. 'वस्तीतील संशयित इसमांची नावे.' आम्हांला संशय कोणाचाच नव्हता, म्हणून कोरा! तेव्हा समोरचे गिरधरशेठ आपल्या ओट्यावरूनच म्हणाले, "बाई, जालमसिंगनं नाव टाकी द्या ना. तठे त्याले कोन वयखस?" कचेरीत त्याला ओळखतो कोण, म्हणून सगळे हसले. मीही — मी हसले नाही. मी लिहिले.

जालमसिंग कोण? आमचा जागल्या — गल्लीची राखण करणारा भिल्ल, बापाच्या मागे तेच काम करीत आलेला. दिवेलागणीपासून फिरायचा, प्रत्येक ओट्यावर काठी टेकवायचा — टक — म्हणजे घरातल्यांनी समजावे, राखण आहे. मी लिहिले, 'सदर इसम अवेळी घरांच्या ओट्यांपाशी आढळतो.' यात खोटे काय आहे? सांगा ना! एक अक्षर खोटे नाही. अर्ज मंजूर झाला. खांब आले, आणि त्याच आठवड्यात त्याला चौकशीला नेले. तिकडेच तापाने गेला. — नाही, मला कोणी दोष दिलेला नाही. ते नाव मी खरेच लिहिले, हे कोणास माहीतच नाही. गिरधरशेठांना तर आपण काय बोललो तेही आठवत नाही. चोऱ्या? वाढल्या. दिव्याखाली कोणी काठी टेकवीत नाही.

त्याची बायको, धनुबाई, रोज दुपारी येते. तो गेला हे तिला सांगून झाले. तिला पटत नाही. म्हणते, "तुमना कागद सरकार वाचस ना, बाई? मंग मन्हा धनीले परत धाडा, असं लिखा." मी म्हणते, उद्या लिहू. शिक्षिका आहे मी, आणि रोज उद्या म्हणते.

ऐकलेत? — ओट्यावर, आत्ता. — नाही? बरे. मला ऐकू येते.

रकाना दाखवू नका, पाहिला मी. यंदाही नववाच. नाव नसेल तर शिवणवर्ग बंद पडेल, अठरा बायका घरी बसतील, वर्ग घेणाऱ्या रंजनाबाईंचे घर तर त्यावरच चालते — सगळे ठाऊक आहे मला. नाही. लिहिणार नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेत तर अडवणारही नाही, तेवढे धैर्य असते तर — असो.

उठा आता. कागद पिशवीत घाला, पूर्ण आत. पुढे ती बसली आहे. कागद दिसला तर तुम्हालाच सरकार समजून पाय धरील. मागच्या दाराने जा. उंबरा उंच आहे, सांभाळा — मला वर्षभरात सवय झाली.