लाल खडू

द्वारका : नळ दुरुस्त झाला की नाही, एवढंच सांगा.

सुदर्शन : नळ सोडून बाकी सगळं झालं.

द्वारका : अहो, दुरुस्तीच्या धंद्यातलं पहिलं गिऱ्हाईक! सोजरबाईंनी नळ गळतो म्हणूनच बोलावलं होतं ना?

सुदर्शन : विश्रांतवाडीपर्यंत त्याच इराद्याने गेलो. पण आत शिरताना दाराची बिजागरी सैल दिसली. हात आपोआप खिशात गेला.

द्वारका : लाल खडू घेऊन गेलात?

सुदर्शन : अख्खी नोकरी कारखान्याच्या इन्स्पेक्शनमध्ये काढली. दुसऱ्यांनी बनवायचं, मी फुली मारायची. बिजागरीवर मारली, स्विचबोर्डावर मारली, मोरीच्या फरशीवर मारली.

द्वारका : देवघर तरी सोडलंत?

सुदर्शन : पाट डुगडुगत होता.

द्वारका : कपाळ माझं! बाई काय म्हणाल्या?

सुदर्शन : चहा दिला. कपाचा कान तडकलेला होता.

द्वारका : अहो!

सुदर्शन : कपावर नाही मारली. नुसता परत केला. मग नळाला पाना लावला, तर नळच हातात आला. शेवटी त्यांनी कोपऱ्यावरचा प्लंबर बोलावला. त्याचं काम मी तपासलं.

द्वारका : आणि माझ्या दादाला काय सांगू? हिंजवडीच्या त्या आयटी कंपनीत गेटवरची जागा त्याने सोमवारपर्यंतच धरून ठेवलीय. ‘एक काम नीट जमलं नाही तर गेटवर उभा राहतो,’ हे तुमचेच शब्द.

सुदर्शन : येतो म्हणून सांग. व्हीआरएस घेतली तेव्हा ‘आता मी मालक’ म्हणत पेढे वाटले मी. आता आपल्या तेजसच्या वयाची पोरं गाडीतून येणार आणि मी सलाम ठोकणार. लाज वाटते गं.

द्वारका : थांबा, फोन वाजतोय... हॅलो? सोजरबाई, माफ करा हो, त्या फुल्या मी स्वतः येऊन पुसते... काय?... बरं. विचारते आणि कळवते.

सुदर्शन : पुसायला मीच जातो.

द्वारका : पुसायच्या नाहीत म्हणे. फुल्या बघून एकेक दुरुस्ती करून घेतायत. त्यांच्या लेकीला कात्रजला नवा फ्लॅट मिळतोय. रविवारी बिल्डर सही घेऊन किल्ली देणार. त्याआधी तुम्ही एकदा घर बघून यावं, असं म्हणाल्या. पैसे देणार आहेत.

सुदर्शन : दुरुस्तीचे?

द्वारका : नाही. कशालाही हात लावायचा नाही, ही अट आहे.

सुदर्शन : ...खडूचा तुकडाच उरलाय गं.

द्वारका : आणते. येताना दादाकडे जाऊन येते, नको म्हणून सांगायला.