रोझेनची कुरकुर

ब्रेस्त शहराच्या रात्रंदिवस चालणाऱ्या लांबच्या फेरीला निघालेल्या सायकलस्वारांना फुकट कॉफी पाजायची, धिरडी खिलवायची, हा गावाचा रिवाज. वडिलांच्या माघारी या खेपेला टेबल नोल्वेनने मांडलं होतं. सकाळीच फेरीतल्या दोन मैत्रिणी आल्या. एकीने सायकल कुंपणाला टेकवून बूट काढले.

“रोझेन, बूट घाल. बूट काढला तो घरी गेला, असं तूच म्हणतेस.”

“मग जातेच घरी. माझे पाय संपले, स्वाझिग. तू हो पुढे.”

“एकटी?”

“कालपासून तुझ्या चाकामागे लपून येतेय मी. वारा तू खातेस, मी नुसती कुरकुरते. लोढणं झालेय तुझ्या गळ्यात.”

“त्या कुरकुरीवरच तर आलेय इथवर.”

“थट्टा पुरे.”

“थट्टा नाही गं. मघाशी उतारावर तू गप्प झालीस आणि माझा डोळाच लागला. कुंपणाला घासून निघाले. हे बघ कोपर.”

“अगं बाई! आणि बोलली नाहीस?”

“तू बोलू देशील तर ना! तू थांबलीस तर मीही थांबले.”

रोझेनने बूट पुन्हा पायात ओढले आणि ती नोल्वेनकडे वळली.

“ताई, एक धिरडं द्या. लोणी सढळ हाताने घाला, मागच्या गावाने नुसतं दाखवलं. आणि हे बूट शिवले कुणी, खाटकाने?”

दोघी चढाला लागल्या.

“हा काय रस्ता आहे? देवाने रागाच्या भरात केलाय!”

कुरकुर टेकडीच्या माथ्यापर्यंत ऐकू येत राहिली. मग पलीकडच्या उतारावरून दोघींची एकदमच आनंदाची आरोळी आली, आणि टेबलाशी उभ्या नोल्वेननेही त्या आरोळीला ओरडून प्रतिसाद दिला.