बसवंतअप्पांचा परत आलेला डबा

मंडळी, एक विचारतो. उत्तर मनातच द्या, शेजाऱ्याकडे बघू नका! लेकरू हात पसरून गोड मागतंय. द्यायचं, की नाही म्हणायचं? माया कशात आहे?

इकडच्या आजीबाई म्हणतात, द्यायचं. तिकडं गुरुजी मान हलवतायत, मुळीच नाही! बरं, दोघंही ऐका.

औशाच्या बाजारात बसवंतअप्पा हलवाई. चाळीस वर्षं कढईसमोर उभा राहिलेला माणूस. त्यांची बालुशाही घ्यायला लातूरहून लोक यायचे. आणि घरात एकच नात, गिरिजा, आठ वर्षांची. अप्पांचा जीव की प्राण! सकाळी डोळे चोळत पोरगी दुकानात आली की अप्पा पेढा हातावर ठेवणार. शाळेत जाताना मूठभर शेव. आली की जिलेबी. सून महानंदा म्हणायची, मामंजी, ही जेवत नाही हो, भाकरीला शिवत नाही. अप्पा हसायचे. हलवायाची नात आणि पोटभर गोड खाणार नाही?

पुढं काय झालं? दाढ किडली, काढावी लागली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, रक्त कमी आहे, पोरीच्या पोटात खरं अन्नच जात नाही. गिरिजाला खो-खोचं भारी वेड. पण एक डाव पळाली की डोळ्यांपुढं अंधारी. शाळेतल्या बाईंनी संघातून नाव काढलं. पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. दाराआड उभे राहून अप्पांनी ते ऐकलं, आणि त्यांना आपलेच हात परके वाटले.

मग माणूस काय करतो? एका टोकावरून उठतो आणि थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो! अप्पांनी मिठाईच्या कपाटाला कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला बांधली. आजपासून गोड बंद!

(मृदंगबुवा, तुम्ही हसू नका. डॉक्टरांनी तुमचंही बंद केलंय आणि खिसा कशानं फुगलाय ते मला ठाऊक आहे.)

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अप्पा मागच्या खोलीत मैदा काढायला गेले. तेलाच्या डब्यांमागं कसलीतरी खुडबुड. वाटलं, मांजर असेल. वाकून बघतात तर गिरिजा! पाकात घातलेल्या बुंदीच्या घमेल्यात दोन्ही हात. भराभरा तोंडात कोंबतेय, चावतसुद्धा नाही. अप्पांना बघितलं आणि लेकरू दचकलं. पाठ भिंतीला टेकवली, हात मागं लपवले.

मंडळी, चोरीचं अप्पांना काहीच वाटलं नाही. पण जी पोरगी त्यांची चाहूल लागली की पळत यायची, ती त्यांना भ्यायली! ते काळजात रुतलं.

अप्पा तिथंच पोत्यावर बसले. ओरडले नाहीत. घमेल्याकडं बघत म्हणाले, "कशी झालीय बुंदी?"

गिरिजा खाली बघत म्हणाली, "कळलंच नाही, अप्पा."

चाळीस वर्षांचा हलवाई आणि नातीला चव कळली नाही! अप्पांनी करदोट्याची किल्ली सोडली आणि तिच्या चिकट हातावर ठेवली.

"माझं चुकलं, बाई. आधी अती दिलं, मग एकदम तोडलं. आता वार तू ठरव, किती खायचं तेही तू ठरव. माझी अट एकच. जेवण झाल्यावर, सगळ्यांबरोबर बसून, चव घेत खायचं."

पोरीनं बराच विचार केला. गुरुवार आणि रविवार, एकेक बालुशाही, असं ठरवलं. आणि पहिल्याच गुरुवारी तीन खाल्ल्या! बोलायला अप्पांची जीभ वळवळली, महानंदेनं डोळ्यांनीच गप्प केलं. पोट दुखलं ते गिरिजाचंच. रविवारी तिनं एक घेतली, हळूहळू खाल्ली आणि म्हणाली, पाकात वेलदोडा जास्त झालाय. झाला होताच! अप्पा गावभर सांगत फिरले.

महानंदा तिला भाजीच्या बाजारात नेऊ लागली. तू निवड, मी करते. पहिल्या खेपेला पोरीनं कारलं निवडलं, हिरवंगार दिसलं म्हणून. सगळ्या घरानं तोंड वाकडं करत खाल्लं! पण अंबाडी आवडली, शेंगदाण्याची चटणी आवडली, ज्वारीची भाकरी ताटात टिकली. चार महिन्यांत पोरीच्या गालावर रंग आला. संघात नाव लागलं.

तालुक्याचे सामने. अप्पांच्या अंगात उत्साह मावेना. बालुशाहीचा मोठा डबा भरून मैदानावर हजर! डाव संपलेला, अकरा-बारा घामेजल्या पोरी, वर सगळ्या गावाची नजर. अप्पांनी झाकण उघडलं. वास सुटला. पोरी पुढं सरकल्या.

गिरिजानं डब्यावर हात ठेवला.

"अप्पा, अजून एक डाव आहे. आत्ता केळी आणि पाणी. हे संध्याकाळी, सगळ्या मिळून बसून खाऊ."

कुणीतरी हसलं, हलवायाची नात मिठाई परत पाठवतेय म्हणून. अप्पांनी झाकण लावलं. चाळीस वर्षांत त्यांचा डबा भरलेला कधी परत आला नव्हता. तो काखेत घेऊन ते मैदानाच्या कडेनं चालले, मान ताठ, डोळे भरलेले. दिसेल त्याला सांगायचे, "माझी नात हाय ती."

सामना एका गुणानं गेला. अप्पांना विचारा, ते अजून जिंकलो म्हणूनच सांगतात!

तर आजीबाई, द्या. गुरुजी, आवरा. पण मंडळी, लेकराला निवडता यावं एवढा विश्वास टाका, आणि ते पहिल्यांदा चुकेल तेव्हा तोंड मिटून बसायची ताकद ठेवा. ही ताकद तुमच्यात आहे का? माझ्यात आहे का?

आता नामाचा गजर करू. मग बुंदीचा प्रसाद आहे. पोरांच्या तोंडात कोंबू नका. त्यांच्या हातावर ठेवा, शेजारी बसा आणि विचारा, कशी झालीय?