रोट आणि लाल पट्टा

नाना : मंग उडाव ना! कोन देखस तठे?

भूपेंद्र : कोण बघतंय हा प्रश्नच नाही, नाना. माझी खोली विमानतळाच्या भिंतीला लागून आहे. नकाशात हा अख्खा भाग लाल. लाल पट्ट्यात ड्रोन उडवलं की आधी माझा परवाना जातो, मग मी जातो.

नाना : मी काय तुले इमान पाडाले सांगस का? फक्त तुनं छप्पर दखाड. आज कानबाई देवीना दिन शे. घरना मानूस कोठे ऱ्हास, ते तरी दिसू दे.

भूपेंद्र : खोलीचा फोटो पाठवला होता की.

नाना : त्यामा फक्त पंखा शे.

भूपेंद्र : खोलीत तेवढंच आहे.

नाना : तुले नोकरी ड्रोन उडावानी. आनि उडावाले मनाई. सरकारी शे का?

भूपेंद्र : खासगी. समुद्रानं किनारा किती खाल्ला, ते वरून मोजायचं. विमानतळाजवळ मोजायचं तर टॉवरची परवानगी लागते. दीड महिना वाट बघितली, उद्या सकाळचे दोन तास मिळालेत. म्हणून तर आलो नाही.

नाना : दीड महिनामा तू दोनदा घर येईसन जाता.

भूपेंद्र : वाटसुद्धा इथं थांबूनच बघावी लागते. कधी फोन येईल सांगता येत नाही.

नाना : बरं. कानबाईना निवदना रोट व्हयनात.

भूपेंद्र : कोणी केले?

नाना : मीच. शेजारनी ताईबाई दारमा उभी ऱ्हाईसन सांगे, नाना, मी थापी देस. हात लावू दिन्हा नही. तिनी भावकी येगळी.

भूपेंद्र : चांगले झाले?

नाना : जाड व्हयनात. आनि जास्ती भी व्हयनात.

भूपेंद्र : जास्ती कसे? तुम्ही तर माणशी मोजून गहू घेता.

नाना : मोजीसनच लिधात. एकेकनं नाव घेवानं, मूठ टाकानी. मना नावनी सव्वा मूठ. तुना नावनी सव्वा मूठ. मंग तुनी मायना नावनी.

भूपेंद्र : नाना, आईला जाऊन तीन वर्षं झाली.

नाना : माले माहीत शे. मूठ पडी गयी, मंग याद ऊनी. कानबाईना नावनं मापेल परत डब्बामा टाकता येत नही.

भूपेंद्र : मग एवढे रोट खाणार कोण?

नाना : भावकीनीच खावाना. बठ्ठी भावकी सुरतले. आठे गावमा भावकी म्हनजे मी.

भूपेंद्र : ताईबाईंना द्या ना दोन. कोण बघतंय?

नाना : कानबाई देखस.

भूपेंद्र : मग निदान तो कुत्रा असतो ना दारात, त्याला.

नाना : तो ताईबाईना शे.

भूपेंद्र : कुत्र्यालाही भावकी?

नाना : तुना आभायले पट्टा ऱ्हातस, मंग कुत्राले भावकी नको का?

भूपेंद्र : बरं, कधीपर्यंत संपवायचे?

नाना : पुनवना आत. नही ते जमीनमा गाडना पडतस. तुनी माय व्हती तवय एक तुकडा भी गाडेल नही.

भूपेंद्र : नाना, ठेवू का? उद्या पहाटे उठायचंय.

नाना : ठेव. पंखा बंद करत जा, सर्दी व्हस तुले.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, गावात कानबाईचं विसर्जन उरकल्यावर. व्हिडिओ कॉल.)

भूपेंद्र : फोन आडवा धरा, नाना. दिसतंय?

नाना : पानीच पानी दिसस.

भूपेंद्र : समुद्र आहे. ड्रोनमधून.

नाना : काम सोडीसन माले समुद्र दखाडस? टॉवरना मानूस काय म्हने?

भूपेंद्र : परवानगी पहाटे रद्द झाली. कोणी मोठे पाहुणे विमानानं उतरणार आहेत. पुढची तारीख कळवतो म्हणाले.

नाना : म्हनजे काल तू येता तरी चालतं.

भूपेंद्र : चाललं असतं.

नाना : मंग आते हाई कोठे उडावस? धरतीन तुले.

भूपेंद्र : नाही धरत. मोटारसायकलनं लांब आलोय, विमानतळापासून बारा किलोमीटरच्या पार पलीकडे. इथं नकाशात हिरवं आहे. उंचीही मर्यादेत आहे. नोंदणी क्रमांक वाचून दाखवू?

नाना : नको. तठे गाव दिसत नही. मानसे भी नहीत.

भूपेंद्र : लोकांच्या डोक्यावरून उडवायचं नसतं. म्हणून अशीच जागा शोधावी लागते.

नाना : एक मानूस शे. वाळूवर. ज्वारीना दाना येवढा. हालत भी नही.

भूपेंद्र : हं.

नाना : हं काय? त्याले सांग, बाजूले व्हय म्हने. नियम मोडाई जाई तुना.

भूपेंद्र : तो मीच आहे, नाना. उडवताना नजर ड्रोनवरून काढायची नसते. म्हणून हलत नाही.

नाना : एकटाच उभा शे.

भूपेंद्र : हो.

नाना : खाले आन जरा ते यंत्र. तू जेवना का नही, ते तोंडवरून कयस माले.

भूपेंद्र : आणतो. नाना, पुनव कधी आहे?

नाना : शनिवारले. चांद निंघाना पहिले ये.